गिरणी आली, निवडणे राहिले

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. माझा धाकटा भाऊ नांदेडहून सकाळच्या एसटीने लातूरला आला. लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता; दरवर्षी चाकूर आले की फोन करून "ताई, चहा ठेव" असा हुकूम सोडण्याची त्याची रीत आहे. त्या दिवशी फोन आला नाही. ओवाळणी झाली, ताटात पाकीट पडले, अनारसेही झाले. पण स्वारी गप्पच. शेवटी दुपारची जेवणे आटोपल्यावर त्याने पिशवीतून एक वही काढली आणि माझ्यापुढे सरकवली. वहीत चौदा नावे होती. त्यांतल्या नऊ नावांपुढे पेन्सिलीने बारीक फुली केलेली.

"मार्चनंतर या नऊ जणांना पगार कुठून द्यायचा, ते मला दिसत नाही, ताई."

कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या बाईला धंद्यातले काय कळणार, असे वाचक म्हणतील. मीही मनात तेच म्हटले. पण वही परत सरकवण्याचे धैर्य झाले नाही, कारण त्या फुल्यांतल्या दोन माझ्याच विद्यार्थिनींच्या नावापुढे होत्या.

भावाचा व्यवसाय आऊटसोर्सिंगचा. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर पुण्या-हैदराबादच्या काचेच्या इमारती उभ्या राहतात. वास्तविक ही रीत आपल्या घराघरांत जुनीच आहे. दळण आपण गिरणीवर देतो, शिवण शिंप्याकडे देतो, उन्हाळ्यात शेवया-पापड गल्लीतल्या मावशींकडून करून घेतो. आपले काम दुसऱ्याने त्याच्या जागी बसून करावे आणि आपण त्याचे मोल द्यावे, एवढाच त्या भारदस्त शब्दाचा अर्थ.

आमच्या वडिलांची नांदेडात टंकलेखनाची संस्था होती. 2017 च्या सुमारास सरकारी परीक्षा जुन्या टंकयंत्रावरून संगणकावर गेली, तेव्हा भावाने ती यंत्रे मोडीत घातली आणि संगणक मांडले. हळूहळू शिकणाऱ्यांपेक्षा बाहेरची कामेच वाढली. वकिलांचे दस्तऐवज, बँकेच्या कर्जप्रकरणांसाठी सातबारा आणि फेरफार यांची इंग्रजी भाषांतरे, प्रकाशकांची जुनी पुस्तके संगणकावर उतरवणे, सभांची भाषणे ऐकून लिहून काढणे, अशी ती कामे. नांदेडात आठ माणसे, लातुरात माझ्या घराजवळच्या दोन खोल्यांत सहा. दर पानामागे दर ठरलेला. लहान शहरांत अशी कामे यावीत म्हणून केंद्र सरकारनेही डिजिटल इंडिया कार्यक्रमात 48,300 आसनांची योजना आखली होती. दर आसनामागे एक लाख रुपयांपर्यंत मदत देऊ केली होती. भावाला त्यातले काही मिळाले नाही. पण वारा आपल्या दिशेने वाहतो आहे, असे त्याला वाटे.

मग वारा फिरला. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि दोन-तीन वर्षांत छायाचित्रातली अक्षरे वाचणारी, भाषण ऐकून लिहिणारी, मराठीचे इंग्रजी करणारी यंत्रे ज्याच्या-त्याच्या खिशात जाऊन बसली. 2025 च्या जुलैत टीसीएससारख्या बलाढ्य कंपनीने सुमारे 12,000 माणसे कमी करण्याचे जाहीर केले. कंपनीने कारण कौशल्यांचा मेळ बसत नसल्याचे सांगितले. पण घरोघरी चर्चा झाली ती यंत्राचीच. तिथे ही तऱ्हा, तर नांदेडच्या आठ खुर्च्यांची काय कथा!

आणि इथे मला एक कबुली दिली पाहिजे. त्या वर्षी एका चर्चासत्रासाठी लिहिलेला माझा निबंध मी भावाच्या लातूरच्या कचेरीत टंकनाला दिलाच नव्हता. फोनपुढे बसून तोंडाने सांगितला आणि यंत्राकडून फुकट लिहवून घेतला. भावाची गिऱ्हाइके कुठे गेली, याचा शोध घ्यायला दूर जाण्याचे कारण नव्हते. त्यांतले एक त्याच्यासमोर बसून सुपारी कातरत होते.

त्या दिवशी मला आठवण झाली ती आमच्या आजीची. आजी अहमदपूरला राहत असे. आजोबा लवकर गेले, आणि दुसऱ्यांची दळणे पहाटे जात्यावर दळून तिने मुले वाढवली. पुढे गावात इंजिनाची गिरणी आली आणि एका हंगामात तिचे जाते थांबले. ज्या घरांची दळणे ती दळी, त्याच घरांची दळणे मग ती निवडून देऊ लागली. "गिरणीला खडा काय न् दाणा काय, सारखाच," असे ती म्हणे. "ती दोन्ही दळती."

ही आठवण मी भावाला सांगितली. तो व्यवहारी माणूस. म्हणाला, "ताई, गोष्ट छान आहे. पण खडा असतो हे गिऱ्हाइकाला कसे दाखवू?"

तेव्हा आम्ही एक प्रयोग केला. कचेरीतले शंभर जुने कागद, नावेगावे झाकून, यंत्राकडून वाचून आणि भाषांतर करून घेतले. यंत्राचा वेग पाहून मी थक्क झाले. आमच्या मुलींना आठवडा लागला असता ते काम चहा निवायच्या आत झाले. बहुतेक पाने चोख होती, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण 'मौजे' अमुक गाव याचे एके ठिकाणी 'मोजे' झाले होते. सातबाऱ्यावर लागवडीस न येणाऱ्या जमिनीला 'पोटखराब' म्हणतात. इंग्रजी भाषांतरात शेतकऱ्याचे पोट बिघडले होते! आम्ही पोट धरून हसलो.

एका कागदावर मात्र हसू थांबले. फेरफाराच्या नोंदीत थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए. कु. मॅ.' अशी अक्षरे होती. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन साऱ्या घराची, थोरला नुसता कारभारी. यंत्राने ती अक्षरे अडगळ समजून गाळली. इंग्रजी वाक्य अगदी सुरेख उतरले, आणि थोरला एकटाच मालक झाला. ही गळती धरली ती फुलीच्या यादीतल्या माझ्या एका विद्यार्थिनीने. तिला कसे कळले, म्हणून मी विचारले. ती म्हणाली, "मॅडम, आमच्या बाबांचं आणि काकांचं भांडण याच अक्षरांवरून झालंय."

यंत्राची खोड इथे ध्यानात येते. हे यंत्र अफाट मजकुरावरून शिकलेले असते आणि पुढचा शब्द कोणता असावा, याचा अंदाज बांधत जाते. ज्या प्रकारचे कागद त्याने भरपूर पाहिले, तिथे अंदाज अचूक. जे थोडे पाहिले, तिथे चूक. पण दोन्ही वेळी आवाज तोच, ठाम. टंकन करणारीची चूक चुकीसारखी दिसते, यंत्राची चूक शुद्ध भाषेत नटून येते. म्हणून नुसते वरवर वाचून भागत नाही. मूळ कागद शेजारी ठेवून ओळीशी ओळ ताडावी लागते.

आणि आपल्या मराठवाड्यात असे कागद पुष्कळ. 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात. राज्यकारभाराची भाषा उर्दू, जुन्या दप्तरांत मोडीही. 2023 साली कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधता शोधता प्रशासनाची धावपळ झाली. ज्या विद्येला काल कुणी विचारीत नव्हते, तिच्यावाचून हजारो घरांचे काम अडले.

भावाने मग कचेरीची घडीच बदलली. टंकन यंत्राकडे दिले, माणसे तपासणीला बसवली. मूळ कागद शेजारी असल्याशिवाय वाचायचे नाही; तपासणारीने प्रत्येक पानावर आपली सही करायची; आणि गिऱ्हाइकाच्या संमतीवाचून त्याचा कागद बाहेरच्या कोणत्याही यंत्रात घालायचा नाही, असे तीन नियम केले. लोकांची खासगी माहिती जपण्याविषयी 2023 सालचा कायदा आहेच. पण कायद्याआधी विश्वास. रविवारी सकाळी मी लातूरच्या मुलींना जुने दस्तऐवज वाचायला शिकवते. माझ्या एम.ए.चा एवढा रोकडा उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता.

आता कुणाला वाटेल, सारे गोड झाले. तसे नाही. दोघा प्रकाशकांनी हसून निरोप दिला, "आम्हीच पाहून घेऊ." कर्जप्रकरणे पाहणाऱ्या एका वकीलसाहेबांना मात्र पोटखराबाची मौज आणि 'ए. कु. मॅ.'चा धोका दोन्ही पटले. त्यांनी दर कबूल केला. ध्वनिमुद्रणाचे थोडे काम आले. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या 36 सामान्य माणसांकडून मोबाइलवर 109 तासांचे मराठी बोलणे जमवल्याचा अहवाल 2020 साली प्रसिद्ध झाला. 2022 पासून सरकारची भाषिणी योजनाही चालू आहे. यंत्रांना आता बोलींची भूक लागली आहे. 'कामून' आणि 'काय करायलास?' ऐकले की ती अडखळतात, आणि आमच्या पोरी ते अचूक लिहितात. भाऊ मात्र एकदा म्हणाला, "ताई, हा कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ तर नव्हे? आपणच शिकवायचे आणि आपणच घरी बसायचे?" मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

आज वहीत आठ नावे आहेत. नऊ फुल्यांपैकी तीन पुसल्या गेल्या, सहा खऱ्या ठरल्या. त्यांतली लोह्याची मुलगी एका कापडदुकानात लागली. ती जागा भावाने स्वतः चार दुकानांचे उंबरे झिजवून शोधली. बाकीच्या पाच जणांसाठी तेवढे जमले नाही. आमच्या आजीच्या गल्लीतही दळणाऱ्या पाच-सहा जणी होत्या; निवडण्याचे काम मिळाले ते दोघींनाच. उरलेल्यांचे पुढे काय झाले, हे मी आजीला कधी विचारले नाही. आता विचारावेसे वाटते, पण आजी नाही.

ही दिवाळी तोंडावर आली आहे. या वर्षीचा माझा निबंधही मी फोनलाच सांगितला; खोटे कशाला बोलू? पण तो तसाच पुढे पाठवला नाही. लातूरच्या कचेरीत नेऊन दिला आणि टेबलाशी बसलेल्या मुलीला म्हटले, "दळण झाले आहे. निवडून दे, आणि दर पूर्ण लाव."

तिने दुसऱ्याच पानावर खडा काढला.