चिकणमातीत रुजलेले आयरिस

न्यू जर्सीच्या मध्य भागात आमचं घर. मागची जमीन उताराची, माती लालसर आणि चिकण. बर्फ वितळून वर पाऊस झाला की खालच्या कोपऱ्यात पाणी साचतं, आणि जुलैत तीच माती कुदळीला दाद देत नाही. अशा जागेत गेली दहा-बारा वर्षं आयरिस फुलताहेत. कोणता आयरिस कुठे लावायचा, यावरच सगळं ठरलं.

ओढ लागली ती अप्पर माँटक्लेअरच्या प्रेस्बी उद्यानामुळे. अमेरिकन आयरिस सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक, फ्रँक प्रेस्बी यांच्या स्मरणार्थ १९२७ मध्ये सुरू झालेली ही बाग मेच्या उत्तरार्धात बघावी. तिथे थाट असतो दाढीवाल्या आयरिसचा. त्याचा कंद आल्याच्या गड्ड्यासारखा; त्याची पाठ उघडी राहावी, दिवसाला सहा तास तरी ऊन लागावं आणि मुळाशी पाणी थांबू नये. म्हणून त्याला उताराचा माथा दिला आणि वाफा वीतभर उंच केला. ‘इमॉर्टॅलिटी’ हा १९८२ सालचा पांढरा वाण तिथे छान रमला. मेमध्ये फुलून झाल्यावर बहुतेक वर्षी तो सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा फुलतो.

पाण्याइतकाच त्याचा दुसरा वैरी म्हणजे कंद पोखरणारी अळी. तिचा पतंग शरदात वाळक्या पानांवर अंडी घालतो, अळ्या एप्रिल-मेमध्ये बाहेर पडतात. कोवळ्या पानाच्या कडेला बारीक खाचा आणि खाली उतरत गेलेली ओलसर रेघ दिसली, की पान चिमटीत धरून वरून खाली दाबत जायचं. अळी आतल्या आत चिरडते. निसटली, तर उन्हाळ्यात कंदात शिरून गुलाबीसर आणि चांगली जाड होते. तिच्यामागोमाग कूज येते. मग कंद लिबलिबीत, आणि वास असा की हात दोनदा धुवावे लागतात. फवारणीपेक्षा थंडी पडल्यावर जुनी पानं गोळा करून बागेबाहेर टाकणं मला कितीतरी मोलाचं वाटतं. अंडी त्यांच्याबरोबरच जातात.

सखल भागाला मात्र सायबेरियन आयरिसच हवा. त्याला जड, ओलसर माती चालते, अळीचा त्रासही कमी. ‘सीझर्स ब्रदर’ हा १९३२ चा वाण आजही लोक हौसेने लावतात. फूल लहान, पण जांभळा रंग इतका गडद की लांबून नजर तिकडेच जाते. माझ्या मते अशा जमिनीच्या माणसाने सुरुवात यापासूनच करावी. ट्यूलिप आणि हॉस्टा फस्त करणारी हरणंही आयरिसला सहसा तोंड लावत नाहीत.

आता या सायबेरियन बेटांचे मध्य पोकळ झालेत, फुलं कडेकडेलाच येतात. ऑगस्टच्या अखेरीस ती खणून विभागायची आहेत. अगदी तळाशी, जिथे पाणी खरोखरच उभं राहतं, तिथे याच मुलखाचा रानटी निळा आयरिस लावायचा आहे. तो दलदलीतच वाढतो.