तारे येतात, तारे जातात, पृथ्वीचे काय?

‘एक तारा पृथ्वीच्या दिशेने निघाला आहे, आता सगळे संपणार’ असे सांगणारे व्हिडिओ मोबाइलवर अधूनमधून फिरत असतात. मुले ते पाहतात, घाबरतात आणि घरी अम्मी-अब्बूंना, शाळेत आम्हा शिक्षकांना विचारतात, “हे खरं आहे का?” ‘सगळं खोटं आहे, अभ्यास कर’ असे म्हणून मुलाला गप्प करता येते, पण त्याची भीती जात नाही. शिवाय हे उत्तर पुरते खरेही नाही. तारे सूर्याजवळून खरोखरच जातात.

इस्फहानचे खगोलशास्त्रज्ञ अब्दुर्रहमान अल-सूफी यांनी इ.स. ९६४च्या सुमारास ताऱ्यांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातच ‘साबित’, म्हणजे स्थिर, तारे असा उल्लेख आहे. त्या काळी सारे जग ताऱ्यांना स्थिरच मानत होते. १७१८ साली एडमंड हॅली यांनी जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा व्याध, स्वाती आणि रोहिणी हे तारे आपल्या जुन्या जागेवरून थोडे सरकलेले आढळले. आज आपल्याला माहीत आहे की सूर्यासह सगळेच तारे आकाशगंगेत फिरत असतात. साहजिकच कधीतरी कोणी ना कोणी शेजारून जातोच. दर दहा लाख वर्षांत सुमारे २० तारे सूर्यापासून सव्वातीन प्रकाशवर्षांच्या आतून जातात. एक प्रकाशवर्ष म्हणजे जवळपास साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.

असाच एक पाहुणा म्हणजे ‘शोल्झचा तारा’. सुमारे ७० ते ८० हजार वर्षांपूर्वी हा लहानसा लाल तारा सूर्यापासून जेमतेम एक प्रकाशवर्षावरून गेला. आपल्या जिल्ह्यातील नेवासे येथे प्रवरेच्या काठी डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले. तेथे मध्य पुराश्मयुगातील दगडी हत्यारे सापडली. शोल्झचा तारा गेला तो याच युगात. गारगोटीच्या छिलक्यांपासून हत्यारे घडवणाऱ्या त्या माणसांना त्याचा पत्ताही लागला नसेल, कारण एवढ्या जवळ येऊनही तो नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका तेजस्वी नव्हता.

मग धोका कशाचा? तारा येऊन पृथ्वीवर आदळेल ही भीती जवळजवळ निराधार आहे. खरा प्रश्न त्याच्या ओढीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा आहे. सूर्यमालेच्या अगदी बाहेरच्या कडेला बर्फाळ गोळ्यांचा प्रचंड घेर आहे. डच शास्त्रज्ञ यान ऊर्ट यांनी १९५०मध्ये त्याची कल्पना मांडली. जवळून जाणारा तारा त्यांतले काही गोळे हलवतो आणि ते धूमकेतू होऊन आत येऊ शकतात. दुसरा परिणाम याहून सूक्ष्म आहे. नेपच्यूनची कक्षा हजारात एका भागाने जरी बदलली, तरी पुढील अब्जावधी वर्षांत ग्रहमाला विस्कटण्याची शक्यता सुमारे दहापट वाढते, असे संशोधकांनी गणिताने दाखवले आहे. एका ग्रहाचा हिसका दुसऱ्याला बसतो. पृथ्वीची कक्षा आज जवळपास गोल आहे. ती फार लांबट झाली, तर वर्षातले काही महिने होरपळ आणि काही महिने गारठा; पाणी पाणी म्हणून टिकणेच कठीण.

हे घडण्याची शक्यता किती? नेथन केब आणि शॉन रेमंड या शास्त्रज्ञांनी २०२५मध्ये याचा हिशेब मांडला. जवळून जाणाऱ्या ताऱ्यांमुळे पृथ्वीची एखाद्या ग्रहाशी टक्कर होण्याची किंवा ती सूर्यापासून दूर फेकली जाण्याची शक्यता ५०० मध्ये १ इतकी आहे, तीही येत्या ५ अब्ज वर्षांत. ज्या ताऱ्याचे नाव घेऊन घाबरवले जाते तो ‘ग्लिझ ७१०’ खरोखरच आपल्याकडे येतो आहे. पण तो पोहोचेल सुमारे १३ लाख वर्षांनी, आणि तेव्हाही सूर्यापासून साधारण एक षष्ठांश प्रकाशवर्ष दूर असेल.

तेव्हा मुलांना गप्प करू नका, आकडे सांगा आणि आकाश दाखवा. हिवाळ्यात इशाच्या नमाजनंतर गच्चीवर जाऊन ययाती तारकासमूहातला ‘अल्गोल’ शोधा. त्याचे नाव अरबी ‘रास अल-गूल’वरून आले आहे. दर २ दिवस २१ तासांनी तो काही तास मंद होतो. सुमारे ७३ लाख वर्षांपूर्वी हाच तारा सूर्यापासून दहा प्रकाशवर्षांच्या आतून गेला आणि तेव्हा तो आजच्या व्याधाहून तेजस्वी दिसत होता. ज्याच्या नावात ‘गूल’ म्हणजे राक्षस आहे, तो जवळून गेला तरी पृथ्वी राहती राहिली. एवढे समजलेले मूल पुढचा व्हिडिओ आला की तो पुढे पाठवण्याआधी विचारेल, “किती जवळून? आणि कधी?”