मेलेल्यांना उठवणारी तपासनीस

लॉरेल के. हॅमिल्टन या अमेरिकन लेखिकेची ‘गिल्टी प्लेझर्स’ ही कादंबरी १९९३ साली प्रसिद्ध झाली. तिची नायिका अनिता ब्लेक हिचा पोटापाण्याचा धंदा म्हणजे मेलेल्यांना थडग्यातून उठवणे. मिझुरी राज्यातल्या सेंट लुईस शहरात ‘अ‍ॅनिमेटर्स’ नावाच्या कंपनीत ती नोकरी करते. मृत्युपत्रावरून भांडणारे वारस, कोर्टात अडकलेले वकील अशी गिऱ्हाइके तिथे येतात, ठरलेली फी भरतात आणि रात्री स्मशानात जाऊन मेलेल्या माणसाकडूनच खुलासा करून घेतात. ज्या खुनांमागे माणसाचा हात दिसत नाही, त्यांच्या तपासात पोलीस तिचा सल्ला घेतात. सरकारी परवाना असलेली व्हॅम्पायरांची जल्लाद ही तिची तिसरी ओळख.

अशा कथांना अर्बन फँटसी म्हणतात. जादू, भुतेखेते, रक्तपिपासू व्हॅम्पायर हे सारे एखाद्या काल्पनिक राज्यात न ठेवता आजच्या शहरात आणून सोडायचे, ही या प्रकाराची रीत. हॅमिल्टनच्या आधीही ती होती: एमा बुल यांच्या ‘वॉर फॉर द ओक्स’मध्ये (१९८७) मिनियापोलिस शहरात पऱ्यांचे युद्ध पेटते. हॅमिल्टनने या रीतीला रेमंड चँडलरच्या परंपरेतल्या रोखठोक गुप्तहेरकथेची जोड दिली. एकटा तपासनीस, प्रथमपुरुषी निवेदन, तिखट जीभ, जवळ पिस्तूल आणि पैशाने विकत न घेता येणारी सचोटी हा त्या परंपरेचा ऐवज. अनिताकडे तो सगळा आहे.

या कादंबरीचे खरे बळ तिच्या नियमांत आहे. हॅमिल्टनच्या अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने व्हॅम्पायरांना कायद्याने जिवंत ठरवले आहे. कथा सुरू होते तेव्हा त्या निकालाला जेमतेम दोन वर्षे झालेली असतात. त्यामुळे कोर्टाच्या हुकमाशिवाय व्हॅम्पायर मारणे हा खून ठरतो. नदीकाठच्या भागात व्हॅम्पायरांचे क्लब चालतात, पर्यटक तिथे गर्दी करतात. व्हॅम्पायरांचे स्वतःचे चर्चही निघाले आहे आणि ते अनंत जीवनाचे आश्वासन शब्दशः पाळून दाखवते. दुसरीकडे त्यांच्या विरोधात माणसांच्या संघटना उभ्या राहतात. कॅथलिक चर्चने मृतांना उठवणाऱ्यांना बहिष्कृत केल्यामुळे देवभोळी अनिता एपिस्कोपल पंथात गेली आहे. एका अशक्य गोष्टीला कायद्याची मान्यता मिळाली तर समाजात काय काय हलेल, याचा लेखिकेने मनापासून विचार केला आहे, आणि म्हणूनच वाचक उरलेल्या अद्भुतावरही विश्वास ठेवतो.

प्रेत उठवण्याची विद्याही अशीच बारकाव्यांनी बांधली आहे. अनिता एक लेप वापरते. त्यात स्मरणासाठी रोझमेरी, टिकण्यासाठी दालचिनी आणि लवंग, शहाणपणासाठी सेज आणि त्यांच्या जोडीला थडग्यावरची बुरशी असते. कोंबडीचा किंवा बकरीचा बळी द्यायचा, रक्ताचे रिंगण आखायचे, थडग्याच्या दगडाला रक्त फासायचे आणि मृताला नावाने हाक मारायची. काम झाले की मिठाने त्याला परत निजवायचे. मृत जितका जुना, तितका बळी मोठा. उठलेला माणूस सुरुवातीला बोलतो, ओळखतो, पण दिवस जातील तसा सडत जातो. वेताळपंचविशी ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला प्रेत बोलण्याचे नवल नाही. इथे नवे आहे ते त्या विद्येचे दरपत्रक आणि तिच्या मर्यादा.

कुणालाही लगेच सुचणारा प्रश्न असा, की मेलेल्याला बोलते करता येत असेल तर खून झालेल्यालाच उठवून खुन्याचे नाव का विचारू नये? तसे झाले तर रहस्यकथा पहिल्याच पानावर संपेल. हॅमिल्टनचे उत्तर चोख आहे. खून झालेले प्रेत उठले की ते कुणाचे ऐकत नाही. ते थेट आपल्या मारेकऱ्याच्या शोधात निघते आणि वाटेत येईल त्याचा जीव घेते. या एका नियमाने नायिकेची सर्वांत मोठी ताकद तपासापुरती निकामी होते आणि तिला साध्या पोलिसासारखे जागा पाहत, माणसांना विचारत फिरावे लागते.

‘गिल्टी प्लेझर्स’मध्ये बळी पडतात ते व्हॅम्पायरच. विली मॅकॉय हा ओळखीचा भुरटा अनिताच्या ऑफिसात येतो. मागच्या भेटीत तो जिवंत होता, आता व्हॅम्पायर आहे आणि या खुनांचा छडा लाव म्हणून गळ घालतो. ती नकार देते. मग शहरातल्या व्हॅम्पायरांची स्वामिनी निकोलाओस तिच्या मैत्रिणीचा जीव ओलीस धरते. निकोलाओस दिसते लहान मुलीसारखी, पण तिचे वय हजार वर्षांचे आहे. व्हॅम्पायरांना मारणारीनेच व्हॅम्पायरांच्या मारेकऱ्याला शोधायचे, हा पेच कादंबरीला शेवटपर्यंत ताणून धरतो. तपास मात्र थोडा विस्कळीत आहे. अनिता पुराव्यामागे जाण्यापेक्षा एका संकटातून दुसऱ्यात ढकलली जाते.

रहस्यकथा म्हणून ‘द लाफिंग कॉर्प्स’ (१९९४) हे दुसरे पुस्तक सरस आहे. त्यात एक धनाढ्य माणूस २८३ वर्षांपूर्वीचे प्रेत उठवण्यासाठी दहा लाख डॉलर देऊ करतो. इतक्या जुन्या मृतासाठी नरबळी लागेल हे ओळखून अनिता ते काम नाकारते. त्याच सुमारास एक अख्खे कुटुंब घरात फाडून मारले जाते. डॉमिंगा साल्वाडोर ही वूडू पुजारीण इथे भेटते आणि पुस्तकातली सर्वांत भयंकर कल्पना तिचीच आहे: प्रेतात आत्मा परत कोंडायचा, म्हणजे शरीर सडत नाही आणि आतल्या माणसाला सगळे कळत राहते. अनिताच्या रक्तात तीच विद्या आहे. तिची आजी वूडू पुजारीण होती. त्यामुळे आपण डॉमिंगापासून किती लांब आहोत, हा अनिताला पडणारा प्रश्न पोकळ वाटत नाही. उठलेल्या मृताला वस्तू मानायचे की माणूस, हा वाद लेखिका इथे सर्वांत गंभीरपणे मांडते.

पुढे मालिका लांबत गेली. ‘ऑब्सिडियन बटरफ्लाय’मध्ये (२०००) तपास न्यू मेक्सिकोत जातो आणि गुन्हेकथेची पकड पुन्हा घट्ट होते. ‘नार्सिसस इन चेन्स’पासून (२००१) मात्र शृंगाराला इतकी जागा मिळाली की खून मागे पडले. जुने वाचक नाराज झाले, नव्यांचा मोठा वर्ग मिळाला. तोवर इतरांनीही ही वाट धरली होती. जिम बुचर यांच्या ‘स्टॉर्म फ्रंट’मध्ये (२०००) शिकागोचा मांत्रिक पोलिसांना मदत करतो. शार्लेन हॅरिस यांच्या ‘डेड अन्टिल डार्क’मध्ये (२००१) व्हॅम्पायर उघडपणे समाजात वावरतात. तिच्यावरून ‘ट्रू ब्लड’ ही दूरचित्रवाणी मालिका २००८ साली आली. ‘गिल्टी प्लेझर्स’ २००६ पासून कॉमिकच्या रूपातही निघाली. मालिकेत नव्याने शिरणाऱ्याने पहिली दोन पुस्तके क्रमाने वाचावीत, कारण प्रेतविद्येचे सारे नियम तिथेच घातले जातात.