तायक्वांदो : मूल्ये आणि प्राथमिक प्रशिक्षण

तायक्वांदो ही कोरियात विकसित झालेली निःशस्त्र युद्धकला असून ती ऑलिंपिक स्पर्धांमधील एक क्रीडाप्रकारही आहे. कोरियन भाषेत ‘ते’ म्हणजे पायाने केलेला प्रहार, ‘क्वॉन’ म्हणजे मूठ आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. उंच व वेगवान लाथा हे या कलेचे वैशिष्ट्य आहे. मात्र नावातील ‘दो’ या पदामुळे प्रहाराच्या कौशल्याइतकेच महत्त्व साधकाच्या आचरणालाही दिले जाते.

इतिहास

१९१० ते १९४५ या काळात कोरियावर जपानची सत्ता होती. सत्तान्तराच्या सुमारास सोलमध्ये ‘क्वान’ नावाच्या अनेक प्रशिक्षणशाळा सुरू झाल्या. त्यांच्या संस्थापकांपैकी काहींनी जपानमध्ये कराटेचे शिक्षण घेतले होते. त्यामुळे आरंभीच्या तंत्रावर कराटेचा प्रभाव दिसतो, असे अनेक अभ्यासक मानतात. तर कोरियातील पारंपरिक मांडणीत या कलेचे मूळ तेक्क्यॉन या जुन्या देशी खेळात शोधले जाते. १९५५ मध्ये या शाळांसाठी ‘तायक्वांदो’ हे समान नाव सुचवण्यात आले. त्याचे श्रेय सामान्यतः सेनाधिकारी चोई होंग ही यांना दिले जाते.

चोई यांनी १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ स्थापन केला. पुढे ते कॅनडात स्थायिक झाले. १९७२ मध्ये सोल येथे ‘कुक्कीवॉन’ हे मुख्य केंद्र उभे राहिले व १९७३ मध्ये जागतिक तायक्वांदो महासंघाची स्थापना झाली. यामुळे या कलेत दोन प्रमुख परंपरा निर्माण झाल्या. २०१८ च्या प्याँगचांग हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्ताने दोन्ही परंपरांच्या पथकांनी एकत्र प्रात्यक्षिके सादर केली.

मूल्ये

चोई यांच्या परंपरेत पाच तत्त्वे सांगितली जातात :

१. ये उइ – सौजन्य
२. योम ची – सचोटी
३. इन ने – चिकाटी
४. गुक गी – आत्मसंयम
५. बेक्जुल बुलगुल – अजिंक्य वृत्ती

प्रशिक्षणवर्गात ही तत्त्वे केवळ पाठ केली जात नाहीत, ती सरावाच्या रचनेतच गुंफलेली असतात. प्रत्येक जोडसरावाच्या आधी व नंतर दोघेही परस्परांना कमरेत वाकून अभिवादन करतात. एकाच हालचालीची शेकडो वेळा पुनरावृत्ती करताना चिकाटीची कसोटी लागते. संयमाची खरी परीक्षा मात्र जोडसरावात होते. त्यात ठरावीक प्रहार जोडीदाराच्या अंगाला लागण्यापूर्वीच थांबवायचा असतो. वेग कायम ठेवून प्रहार आवरणे हे नुसत्या प्रहारापेक्षा कठीण मानले जाते. शिकलेल्या कलेचा गैरवापर न करण्याची शपथही विद्यार्थी घेतात.

पट्टे व श्रेणी

प्रशिक्षणस्थळास ‘दोजांग’, गणवेशास ‘दोबोक’ आणि पट्ट्यास ‘ती’ म्हणतात. नवशिक्याचा पट्टा पांढरा असतो. काळ्या पट्ट्याखालील श्रेणींना ‘गुप’ म्हणतात व त्यांची गणना १० पासून १ पर्यंत उतरत्या क्रमाने होते. काळ्या पट्ट्याच्या श्रेणींना ‘दान’ म्हणतात व त्या चढत्या क्रमाने मोजल्या जातात. कुक्कीवॉनच्या पद्धतीत १५ वर्षांखालील मुलांना दानऐवजी ‘पूम’ श्रेणी व लाल-काळा पट्टा मिळतो. काळा पट्टा हा शिक्षणाचा शेवट नसून पायाभूत शिक्षण पूर्ण झाल्याची खूण आहे.

मूलभूत तंत्र

नवशिक्याचा सराव पवित्र्यांपासून सुरू होतो. ‘आप सोगी’ हा चालण्याच्या पावलाएवढा आखूड पवित्रा, तर ‘आप कुबी’ हा पुढचा गुडघा वाकवून घेतलेला लांब पवित्रा आहे. त्यानंतर खालचा, मधला व वरचा बचाव, सरळ ठोसा आणि लाथा शिकवल्या जातात. ‘आप चागी’ ही समोरची, ‘योप चागी’ ही बाजूची आणि ‘दोल्ल्यो चागी’ ही वळवून मारलेली लाथ होय.

दोल्ल्यो चागीत प्रथम गुडघा उचलला जातो, मग टेकलेला पाय चवड्यावर फिरवून कंबर वळवली जाते आणि शेवटी पाय सरळ होतो. कंबरेच्या वळणामुळे प्रहारामागे केवळ पायाचे नव्हे, तर धडाचेही बळ येते. टेकलेला पाय न फिरवल्यास त्या गुडघ्यावर पीळ बसून दुखापतीचा धोका वाढतो. प्रहारानंतर पाय त्वरित मागे घेतल्याने तोल सावरता येतो.

सरावाचे प्रकार

‘पूमसे’ म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध ठरावीक क्रमाने केलेल्या हालचाली. कुक्कीवॉनच्या पद्धतीत रंगीत पट्ट्यांसाठी तेगुक मालिकेतील ८ पूमसे आहेत. प्रत्येक पूमसे अखंड व खंडित अशा तीन रेषांच्या एका चिन्हाशी जोडलेले आहे. यांतील ४ चिन्हे दक्षिण कोरियाच्या ध्वजावरही आहेत. ‘क्योरुगी’ म्हणजे प्रत्यक्ष लढत आणि ‘क्योकपा’ म्हणजे फळी इत्यादी फोडण्याचे प्रात्यक्षिक.

स्पर्धा

१९८८ (सोल) व १९९२ (बार्सिलोना) येथे प्रात्यक्षिक म्हणून खेळला गेलेला हा प्रकार २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून पदकांसाठी खेळला जातो. जागतिक महासंघाच्या नियमांनुसार धडावरील वैध ठोशास १, धडावरील लाथेस २ व डोक्यावरील लाथेस ३ गुण मिळतात; स्वतःभोवती फिरून मारलेल्या लाथेस अधिक गुण असतात. हाताने डोक्यावर प्रहार करण्यास मनाई आहे. नियमभंग झाल्यास प्रतिस्पर्ध्यास एक गुण मिळतो. टोकियो २०२० पासून पॅरालिंपिकमध्येही या खेळाचा समावेश असून तेथे डोक्यावर लाथ मारण्यास परवानगी नाही. त्या स्पर्धेत हरियाणाच्या अरुणा तन्वर यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले.

गुण मिळवण्यावर वाढलेल्या भरामुळे युद्धकलेचे मूळ स्वरूप मागे पडते, अशी टीका काही जाणकार करतात. पूमसे, अभिवादन व शपथ यांना प्रशिक्षणात आजही स्थान असल्याने क्रीडा आणि ‘दो’ यांतील दुवा टिकून आहे, असे प्रशिक्षकांचे म्हणणे असते.