आधी उंची विचारा, मग रोप लावा

तीन वर्षांपूर्वी पावसाच्या तोंडावर आम्ही नर्सरीतून डझनभर रोपं आणली. सगळी वीत-दीड वीत उंचीची. म्हणून जिथे जागा दिसली तिथे खड्डा केला आणि लावली. दोन वर्षांत मेहंदी आमच्या डोक्याच्या वर गेली आणि तिच्या मागचा मोगरा सावलीत दबला.

आमच्या अम्मी असरच्या नमाजनंतर ओट्यावर खुर्ची टाकून बसतात. गुडघ्यांमुळे त्यांना अंगणात उतरता येत नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी विचारलं, "मोगरा उपटून टाकलात की काय?" आम्ही खजील झालो. मोगरा जागेवरच होता. पण त्याला कळी नव्हती आणि अम्मींना तो दिसतही नव्हता.

मग वाफा नव्याने आखला. रोप आज केवढं आहे ते पाहायचं नाही, वाढल्यावर केवढं होईल ते धरायचं. मेहंदी आणि डाळिंब न छाटता सोडली तर आठ-दहा फूट जातात, जास्वंद सहा-सात. मोगरा दोन-तीन फुटांचा, सब्जा दीड-दोन, पुदिना आणि ऑफिस टाइम तर जमिनीलगतच.

दुसरी गोष्ट उन्हाची. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून उंच झाडं उत्तरेला लावली की त्यांची सावली बुटक्या रोपांवर पडत नाही. मोगऱ्याला तर पाच-सहा तास ऊन हवंच.

उत्तरेच्या भिंतीपासून तीन फूट सोडून आम्ही डाळिंब लावलं. जुनी मेहंदी काढली आणि तिच्याच फांद्या डाळिंबाच्या रांगेत खोचल्या; त्या सहज जगल्या. मध्ये जास्वंद, पण छाटून कमरेएवढी ठेवलेली. वाफा लहान असेल तर झाड मोठं होऊ देऊ नये, नाहीतर अंगणच लहान वाटतं. पावसाळ्यात मोगरा मातीच्या गोळ्यासकट उचलून पुढे आणला. अगदी कडेला पुदिना आणि ऑफिस टाइम. एकेक रोप विखरून लावण्याऐवजी एका जातीची तीन-तीन जवळ लावली.

कुंड्यांतही हेच करता येतं. मागच्या कुंड्या विटांवर चढवा, पुढच्या खाली ठेवा.

यंदा मोगरा भरभरून आला. मगरिबच्या आधी नातवंडं कळ्या खुडून अम्मींच्या ओंजळीत टाकतात. आता त्या मोगऱ्याबद्दल विचारत नाहीत. पाणी घातलं का, एवढंच विचारतात.