किनाऱ्यालगतच्या मासेमारीचा एक दिवस

चेन्नईपासून दक्षिणेस नागपट्टिणमपर्यंतच्या किनाऱ्यावर नैसर्गिक बंदरे जवळजवळ नाहीतच. कोकणातल्या कोळ्याला होडी खाडीत नांगरून ठेवता येते. येथे मात्र उघडा वाळूचा किनारा आणि त्यावर थेट येऊन फुटणारी लाट. त्यामुळे येथील मच्छीमारापुढे पहिला प्रश्न माशांचा नसतो, ही फुटती लाट ओलांडण्याचा असतो.

कट्टुमरम हे ह्या प्रश्नाचे उत्तर होय. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे झाड किंवा लाकूड. हलक्या लाकडाचे काही ओंडके तासून, दोरांनी एकमेकांस बांधले की हे तरण सिद्ध होते. त्याला पोकळ पोट नसल्यामुळे त्यात पाणी भरून ते बुडण्याचा संभवच नाही. अंगावर आलेली लाट ओंडक्यांच्या फटींतून निघून जाते. इंग्रजांनी हा शब्द उचलला आणि पुढे तो जोडनौकांना चिकटवला. मूळ वस्तूशी त्या नौकांचे फारसे साम्य नाही. लाकूड पाणी पिऊन जड होते, म्हणून किनाऱ्यावर परतल्यावर दोर सोडून ओंडके उन्हात वाळवावयाचे, हाही रोजच्या कामाचाच भाग.

दिवस सुरू होतो तो पहाटेपूर्वी. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते आणि जमिनीवरील हवा समुद्राकडे वाहू लागते. हा वारा त्रिकोणी शिडात घेऊन मच्छीमार बाहेर पडत. दुपारच्या सुमारास जमीन तापली की वारा उलटतो. तोच त्यांना घरी आणी. आज बहुतेक ठिकाणी कट्टुमरमची जागा इंजिन लावलेल्या फायबरच्या होडीने घेतली आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर हा बदल फार वेगाने झाला. इंजिनाने वाऱ्याची वाट पाहणे संपविले हे खरे. परंतु वारा फुकट होता, तेल रोज विकत घ्यावे लागते.

पाण्यावर खुणेचा खांब नसताना नेमकी जागा कशी सापडते, असे वाचकाच्या मनात येईल. मच्छीमार त्यासाठी किनाऱ्याकडे पाहतो. देवळाचे गोपुर आणि त्यामागचे ताडाचे झाड एका रेषेत आले की एक रेषा मिळाली; दुसऱ्या बाजूस दीपगृह आणि एखादी इमारत अशी दुसरी रेषा. ह्या दोन रेषा जेथे छेदतात तेथे पाण्याखाली ‘पार’, म्हणजे खडकाळ तळ, असल्याचे त्याला ठाऊक असते. खडकाच्या आश्रयाने मासळी जमते. हे ज्ञान मुलगा बापाबरोबर जाऊन शिकतो. मध्येच एखादी उंच इमारत उभी राहिली किंवा ताड तोडला गेला, तर नवी खूण शोधावी लागते. आता अनेकांजवळ उपग्रहाच्या साहाय्याने जागा दाखविणारे यंत्र असते. तरी जुन्या खुणा विसरणे शहाणपणाचे नाही, कारण यंत्राची बॅटरी संपते.

जाळ्याची निवड मासळीवरून होते. वरच्या दोरीला भेंड आणि खालच्या दोरीला शिसे लावून पाण्यात भिंतीसारखे उभे केलेले जाळे असते. लहान मासा त्याच्या आसातून पार निघून जातो, फार मोठ्याचे डोकेच आत शिरत नाही. मधल्या मापाचा तेवढा कल्ल्यांपाशी अडकतो. म्हणून तारलीचे जाळे वेगळे, बांगड्याचे वेगळे, सुरमईचे वेगळे. तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्याला ही निवड करता येत नाही. शिवाय उथळ पाण्यात कोळंबी विपुल असते, आणि तिच्या मागे हे ट्रॉलर किनाऱ्याकडे येतात. वाटेत पसरलेली जाळी फाटतात. एक जाळे गेले की घर कर्जात जाते. ह्याच संघर्षातून तमिळनाडूने १९८३ मध्ये कायदा करून यांत्रिक नौकांना किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटरच्या आत मासेमारी करण्यास मनाई केली. रेषा कागदावर स्पष्ट आहे. रात्री पाण्यावर ती राखणे सोपे नाही. ट्रॉलरला खोल पाणी तरी मोकळे आहे. लहान होडीला दुसरा समुद्र नाही.

होडी वाळूला लागताच लिलाव सुरू होतो. बोली लावणाऱ्यांत बायका पुष्कळ असतात. बर्फ महाग आणि ऊन कडक, त्यामुळे त्यांचा हिशोब क्षणात होतो. पुष्कळदा लिलाव करणारा हाच होडीसाठी कर्ज देणाराही असतो, आणि मग भाव ठरण्यापूर्वीच त्याचा वाटा ठरलेला असतो. उरलेल्या रकमेतून तेलाचा खर्च वजा जातो, होडीचा व जाळ्याचा एक भाग निघतो आणि बाकी माणसांत वाटली जाते. काही दिवशी वाटण्यासारखे काही उरत नाही. तेव्हा घरच्या कालवणापुरती मासळी तेवढी प्रत्येकाच्या हाती येते.

संध्याकाळी पुरुष वाळूवर बसून फाटलेले आस विणतात आणि पाण्याचा रंग व प्रवाहाची दिशा पाहून उद्या कोणते जाळे न्यावयाचे ते ठरवितात.