गुडघ्यातलं पठार

अपघातात गुडघा टम्म सुजलाय. रुग्णाला उताणं झोपवून बाजूनं एक्स-रे काढला, तर कधीकधी सांध्यात एक आडवी, सरळ रेघ दिसते. खाली रक्त आणि वर तरंगणारी चरबी, यांच्यामधली ती सीमा! आमटीवर तवंग यावा तशी ही चरबी हाडाच्या पोटातल्या मज्जेतून सांध्यात उतरलेली असते. तडा इतका बारीक असू शकतो की चटकन दिसतही नाही; पण तवंग त्याची चाहूल देतो.

नडगीचं हाड गुडघ्यापाशी रुंद आणि सपाट होतं. त्या माथ्याला डॉक्टर पठारच म्हणतात. मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं त्यावर टेकतात. वर कूर्चेचा गुळगुळीत थर, खाली मधाच्या पोळ्यासारखं जाळीदार हाड. चालताना बसणारे हादरे ही जाळी झेलते. पण गाडीचा बंपर गुडघ्याला बाहेरून धडकला, की गुडघा आत ढकलला जातो आणि मांडीच्या हाडाचं टोक पठाराच्या बाहेरच्या, तुलनेनं नाजूक भागावर हातोड्यासारखं आदळतं. पठार चिरतं, खचतं. हाडं ठिसूळ झालेल्या आजीला तर न्हाणीघरात पाय घसरणंही पुरतं. टोरांटोचे शल्यचिकित्सक जोसेफ शॅट्झकर यांनी १९७९ मध्ये या फ्रॅक्चरचे सहा प्रकार मांडले. ते आजही वापरात आहेत.

मोडलेलं हाड नवं हाड तयार करून स्वतःला सांधतं. कूर्चेत मात्र रक्तवाहिन्याच नाहीत, त्यामुळे तिची झीज सहसा भरून येत नाही. पठार खचलेलं असतानाच हाड जुळलं, तर तो खड्डा कायमचा राहतो आणि सांधा लवकर झिजू शकतो. म्हणून तुकडे जागेवर असतील तर पट्टा आणि विश्रांती पुरते; खचले असतील तर शस्त्रक्रिया करावी लागते.

सूज फार असेल तर आधी थांबावं लागतं. ताणलेल्या कातडीवर पुन्हा सुरकुत्या दिसू लागल्या, की वेळ झाली! सर्जन हाडाला खालून छोटी खिडकी पाडतात, खचलेला तुकडा अलगद वर उचलतात, पोकळीत कमरेचं हाड किंवा कृत्रिम भराव घालतात आणि छपराला वासे द्यावेत तशी स्क्रूंची रांग त्याखाली सरकवतात. बाजूनं प्लेटचा टेकू असतोच. मात्र वेदना असह्य वाढत गेली, पोटरी दगडासारखी ताठली, तर एक तासही दवडू नये. आतल्या दाबानं स्नायू मरू शकतात.

पुढचे ६ ते १२ आठवडे बहुधा पायावर पूर्ण वजन टाकायचं नसतं, पण डॉक्टरांनी परवानगी दिली की गुडघा वाकवायचा. रक्तवाहिन्या नसलेली कूर्चा सांध्यातल्या द्रवावर जगते. गुडघा हलला की तो द्रव तिच्यावर फिरतो. खाटेवर बसून कण्हत, दहा-दहा अंश वाकवलेला गुडघा म्हणजे कूर्चेला भरवलेला घास असतो.